पिशवीवरील चित्र

महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि कापडी पिशवीला पुन्हा मान मिळाला. मांजरपाटाची कोरी पिशवी धुऊन खळ काढावी, रंग पलीकडे उतरू नये म्हणून आत पुठ्ठा घालावा, आणि कापडावरचा रंग वाळल्यावर उलट बाजूने इस्त्री फिरवावी. कृती सोपी आहे. कठीण आहे तो विषयाचा निर्णय.

पुष्कळ जण भक्तिभावाने गणपती रेखाटतात. परंतु तीच पिशवी उद्या कांदे-बटाटे वाहणार, बाजारात जमिनीवर टेकणार, आणि शेवटी तिचे पायपुसणे होणार. हा दोष वापरणाऱ्याचा की रंगविणाऱ्याचा? आमच्या मते रंगविणाऱ्याचा. वापरणाऱ्याने पिशवीचा पिशवीसारखाच उपयोग केला.

देव सर्वत्र आहे, मग पिशवीवर का नको, असे कोणी म्हणेल. खरे आहे, परंतु आपण होऊन चित्र काढतो तेव्हा त्याचा मान राखण्याचे दायित्वही आपणच पत्करतो. वारली घरांत पालघट देवीचा चौक लिहितात तो भिंतीवर, लग्नप्रसंगी; तेथे स्थान आणि प्रसंग दोन्ही ठरलेले असतात.

म्हणून पिशवीवर वेल, कणीस, मोर खुशाल काढावेत. ज्याचा मान आपल्याने राखवणार नाही ते न रेखाटणे, हीही उपासनाच होय.