भिंती पडल्या, चषक उरला



उत्तर इंग्लंडमध्ये, हेड्रियनच्या तटबंदीच्या दक्षिणेला, विंडोलँडा हा रोमन सैन्याचा किल्ला होता. साम्राज्याच्या सरहद्दीवरचे ते ठाणे. आज तेथे दगडी भिंतींचे अवशेष तेवढे उरले आहेत.

इ. स. ४१० च्या सुमारास ब्रिटनवरील रोमची सत्ता संपली. रक्षणाला साम्राज्य उरले नाही, तरी काही माणसे तेथेच राहिली. पुरातत्त्वज्ञांच्या मते त्यांनी किल्ल्याच्या आत ख्रिस्तमंदिर बांधले. त्याच्या ढिगाऱ्यात सापडलेला शिशाचा चषक २०२० मध्ये जगापुढे आला. त्याचे १४ तुकडे झाले आहेत; पण त्यांवर आतून-बाहेरून क्रूस, मासे, जहाजे कोरलेली आहेत.

हे वाचून मी खजील झालो. आपल्या सभांत कुंपणाची भिंत आणि छप्पर यांवरच तासन्‌तास चर्चा होते. त्यात मीही असतो. भिंत हवीच, पण ती साधन आहे, साध्य नव्हे. घरातली रोझरी थांबली, भावाभावांत अबोला धरला, तर ती भिंत कशाचे रक्षण करणार?

आज मिस्सात चषक उंचावला जाईल, तेव्हा त्या अनाम श्रद्धावंतांचे स्मरण करू या. आणि संध्याकाळी रुसलेल्या भावाचे दार ठोठावू या.

तुमचा धर्मगुरू