चारचौघांत बोललेलं



आज वाचनात गीतेच्या अकराव्या अध्यायातले श्लोक ४१ आणि ४२ आले. विश्वरूप पाहून अर्जुन हादरलाय, आणि आता त्याला आठवतंय की आपण याला काय काय म्हणत आलो. अरे कृष्णा, अरे यादवा, अरे मित्रा! तो मोघम माफी मागत नाही. प्रसंग सांगतो : फिरताना, झोपताना, बसल्या जागी, जेवताना. वर हेही सांगतो, की एकटे असताना किंवा इतरांच्या देखत.

इथे मी अडकलो.

गेल्या रविवारी माझे मेहुणे सहकुटुंब जेवायला आले होते. आमटीत मीठ जास्त झालं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तीस वर्षं झाली, हिला अजून मिठाचा अंदाज नाही." हशा पिकला. हीसुद्धा हसली, पण नंतर माझ्या पानाकडे काही फिरकली नाही. रात्री ओट्यापाशी जाऊन मी म्हणालो, "लागलं असेल तर सॉरी." भांडी विसळता विसळता ती म्हणाली, "बोललात चारचौघांत आणि सॉरी इथे. अहो, ज्यांनी ऐकलं त्यांना कसं कळणार?"

जेवताना, आणि इतरांच्या देखत. दोन्ही मला लागू.

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. मनात मात्र एक तयार होतं : आपल्या माणसाचीच तर थट्टा करतो ना आपण! गंमत म्हणजे अर्जुनही हेच सांगतो, नकळत किंवा प्रेमापोटी बोललो म्हणून. पण तो तिथे थांबत नाही, क्षमा मागतोच. मी ते प्रेम पुढे करणार होतो सुटका व्हावी म्हणून.

अर्थात, त्याला समोरच्याचं मोठेपण दिसलं होतं. ऑफिसात साहेबांना असं बोललो असतो तर मी रात्रीपर्यंत थांबलो असतो का? घरच्या माणसाचं विश्वरूप दिसत नाही. (दिसतं, ती आठ दिवस अंथरुणाला खिळली की.)

आणखी एक. भगवंत 'माफ केलं' असे शब्द उच्चारत नाहीत. घाबरू नकोस म्हणतात आणि पुन्हा नेहमीच्या सौम्य रूपात येतात. आमच्याकडेही सोमवारी सकाळी चहा वेळेवर आला, आणि मी समजलो, मिटलं. पण चहा तर ती रोजच करते. आणि तिने मनातून सोडून दिलं असलं, तरी मेहुण्यांसमोर जे झालं ते तसंच आहे.

शनिवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला जाणार आहोत. मी वाक्य घोळवतोय : "त्या दिवशी मी हिला बोललो ते चुकीचं होतं." एवढंच म्हणायचंय. पण दर वेळी त्याच्यामागे एक 'पण' येऊन उभा राहतो.