सात कुठून आला?

अमरावती

चि. भाचीस,

फोनवर तू विचारलंस, ‘मावशी, गणिताची असाइनमेंट मैत्रिणीबरोबर बसून केली तर ती कॉपी होते का?’ दोन वाक्यांत बोलून मोकळं व्हावं असा हा प्रश्न नाही, म्हणून पत्र लिहायला घेतलं. उत्तर आधी सांगते, कारणं मागून. विचार मिळून करा, लिहिताना मात्र जिची तिने वही घेऊन वेगळं बसा.

बारावीपर्यंतचा गृहपाठ निराळा होता. वर्गात एक उदाहरण व्हायचं आणि तसलीच दहा घरी सोडवायची; रीत तीच, आकडे बदललेले. बी.एस्सी.ला सर चारच प्रश्न देतात आणि त्यातला एखादा कुठल्याच पुस्तकात सापडत नाही. तू अडावीस म्हणूनच तो दिलेला असतो. अडल्यावर कागद पुढ्यात घेऊन बसून राहायचं, हे करून बघ, ते करून बघ, यातच तुझा खरा अभ्यास होतो. वर्गात एक तास झाला की घरी दोन तास, असा आमच्या विषयातला जुना हिशेब आहे. इंटर्नलचे मार्क असतात म्हणून सगळ्यांचं लक्ष वही वेळेत जमा करण्याकडे लागतं. पण विद्यापीठाच्या पेपरला वही जवळ नसते; ते दोन तास तुझ्यासोबत गेले असतील तरच हात चालतो.

पहिल्या वर्षाचं नेहमीचं उदाहरण घे. क्ष ३ कडे जातो तेव्हा क्ष² ची सीमा ९ असते, हे एप्सिलॉन-डेल्टाच्या व्याख्येवरून सिद्ध करायचं आहे. |क्ष² − ९| म्हणजे |क्ष − ३| गुणिले |क्ष + ३|. पहिला भाग आपल्या ताब्यात आहे, दुसरा नाही. म्हणून आपण आधी ठरवून टाकतो की क्ष ३ पासून १ पेक्षा कमी अंतरावरच ठेवायचा. मग क्ष २ आणि ४ च्या मध्ये सापडतो, क्ष + ३ हा ७ पेक्षा लहान राहतो, आणि डेल्टा म्हणून १ आणि एप्सिलॉन भागिले ७ यांतली लहान संख्या घेतली की काम होतं.

आता हे मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेणारी मुलगी काय करते? शेवटची ओळ लिहिते, ‘डेल्टा = एप्सिलॉन भागिले ७’. तो १ तिला निरुपयोगी वाटतो, म्हणून गळतो. तिला विचार, सात कुठून आला? ती गप्प. एप्सिलॉन ७० घेतला तर तिचा डेल्टा १० होतो. मग क्ष १२ घ्यायलाही हरकत नाही, आणि १२ चा वर्ग १४४, त्यातून ९ गेले की १३५ उरतात. ७० च्या आत राहायचं होतं. सिद्धता तिथेच कोसळली. आणि गंमत बघ, सात हा काही देवाने दिलेला आकडा नाही. तू १ च्या जागी २ घेतलास तर ८ येईल, अर्धा घेतलास तर साडेसहा. तिन्ही उत्तरं बरोबर. स्वतः विचार करणाऱ्या मुलींच्या वह्यांमध्ये असा फरक दिसतो. चाळीस वह्यांमध्ये तोच ७ आला तर तपासणारा एवढ्यावरून काही म्हणणार नाही. पण चाळीसही वह्यांतून तो १ सारखाच गळलेला असला, तर त्याला कोणाला काही विचारावं लागत नाही.

हेच उदाहरण दोघींनी मिळून कसं करायचं? आधी दोघींनी वेगवेगळं बसायचं, निदान अर्धा-पाऊण तास. काहीच सुचलं नाही तरी चालेल, पण कुठे अडलं ते कागदावर असलं पाहिजे. मग एकत्र या. तू म्हणशील, ‘क्ष + ३ चं काय करायचं तेच कळेना.’ ती म्हणेल, ‘क्ष किती मोठा होऊ शकतो ते आधी ठरवून घेतलं तर?’ एवढंच. एका वाक्याची मदत. मग वह्या मिटून, उठून, आपापल्या जागी जाऊन पहिल्यापासून लिहायचं. लिहिताना पुन्हा अडलात तर समजा की मघाशी कळलं नव्हतं, नुसतं पटलं होतं. पुन्हा एकत्र या, त्यात कमीपणा नाही.

असं बसण्याचा किती फरक पडतो याचा एक पक्का दाखला आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात उरी ट्राइसमन नावाचा तरुण गणित शिकवत होता. पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं मोठ्या संख्येने मागे पडत, चिनी वंशाची मुलं पुढे जात. प्राध्यापकांना विचारलं तर कोणी घरच्या परिस्थितीला दोष देई, कोणी जिद्दीला. ट्राइसमनने दोन्हींकडची वीस-वीस मुलं निवडली आणि ती अभ्यास कसा करतात ते त्यांच्यात वावरून पाहिलं. मागे पडणारी मुलं आळशी अजिबात नव्हती. नेमाने, निष्ठेने अभ्यास करत होती, पण एकटी. वीसपैकी अठरा जण वर्गातल्या कोणाबरोबरही कधी बसले नव्हते. चिनी मुलं आधी एकेकटी करत आणि संध्याकाळी जमून एकमेकांची उत्तरं तपासत. कोणाचं चुकलं तर बाकीचे सांगत. सगळेच अडले तर प्रश्नच अवघड आहे हे कळे, आपलं डोकंच चालत नाही अशी खंत राहत नसे. मग ट्राइसमनने मुलांचे गट करून त्यांना मुद्दाम अवघड गणितं द्यायला सुरुवात केली आणि निकाल पालटला. ‘मला गणित जमत नाही’ असं खोलीत एकटीने ठरवून विषय सोडणाऱ्या मुली मी आयुष्यभर पाहिल्या. त्यांना बुद्धी कमी नव्हती. शेजारी बसून ‘मलाही नाही जमलं गं’ म्हणणारी एक जण त्यांना हवी होती.

मात्र नियम सगळीकडे सारखा नसतो. टेक्सास विद्यापीठातले आर. एल. मूर १९६९ पर्यंत शिकवत होते. त्यांच्या वर्गात पुस्तक उघडायला बंदी, आपसात चर्चा करायलाही बंदी. प्रत्येकाने प्रमेय एकट्याने सिद्ध करून फळ्यावर मांडायचं. त्यातूनही मोठे गणिती घडले. म्हणून कोणती असाइनमेंट मिळून चालते आणि कोणती एकटीने करायची, हे त्या त्या सरांना आधीच विचार. हात वर करून, वर्गात. विचारायला लाजू नकोस. तुझ्यासारख्याच दहा जणींना तेच विचारायचं असतं.

आता तुझ्या मैत्रिणीचं. ती गावाहून एसटीने येते, कापसाची वेचणी सुरू झाली की घरी हात कमी पडतात, आणि रात्री नऊ वाजता तिचा निरोप येतो, ‘वहीचे फोटो टाक ना.’ तू टाकतेस, कारण नाही म्हणणं जिवावर येतं. तुझं मन चांगलं आहे हे मला ठाऊक आहे, पण फोटो टाकून तू तिला जमा करायची वही दिलीस, विषय दिला नाहीस. त्याऐवजी तिची गाडी सुटायच्या आधी अर्धा तास रिकाम्या वर्गात तिच्याशेजारी बस. पहिली ओळ तिला लिहू दे. ती थांबली की उत्तर सांगू नकोस, प्रश्न विचार. आणि अर्धा तास मिळालाच नाही, तर तिने सरांना जाऊन खरं सांगावं की घरी वेचणी चालू आहे, दोन दिवस द्या. तुमच्या दिग्रसच्या कॉलेजात वर्गात शेतकऱ्याच्या घरचीच मुलं बसलेली असतात. वेचणी म्हणजे काय ते शिक्षकांना समजावून सांगावं लागत नाही. तू सोबत गेलीस तर तिला धीर येईल.

फोनचंही याच मापाने बघ. हल्ली फोटो काढला की सगळ्या पायऱ्यांसकट उत्तर समोर येतं. अडल्यावर एखादी सूचना त्याच्याकडून घेणं आणि अख्खं उत्तर उतरवणं यांत तोच फरक आहे, जो मैत्रिणीशी बोलण्यात आणि तिची वही उतरवण्यात आहे. आणि फोनला ‘सात कुठून आला’ असं विचारून तिथेच थांबायला बहुतेकांना धीर नसतो.

एक सवय आत्ताच लाव. ज्या प्रश्नात कोणाची मदत झाली त्याच्याखाली तसं लिही: ‘या प्रश्नावर अमुकशी चर्चा केली.’ गणितात मोठमोठ्या शोधनिबंधांच्या शेवटीही असे आभार असतात. त्याने मार्क जात नाहीत, उलट बाकीचं तुझं आहे यावर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

तुमची पुस्तकं इंग्रजीत आहेत आणि तुझी बारावी मराठीत झाली, हेही मी विसरलेले नाही. पुष्कळ मुली इंग्रजी वाक्य जुळत नाही म्हणून उतरवतात, गणित येत नाही म्हणून नाही. दोघी मिळून बोलाल ते आपल्या बोलीत बोला, भांडा, हातवारे करा. कच्च्या कागदावर मराठीत लिही. मग इंग्रजीत छोटी वाक्यं कर. चिन्हांची नुसती माळ लावू नकोस. प्रत्येक ओळ मागच्या ओळीवरून का आली ते एका शब्दाने तरी सांग. व्याकरण थोडं चुकलं तर गणिताचे सर चालवून घेतील. सुटलेली पायरी चालवून घेणार नाहीत, आणि घेऊही नये.

दुसऱ्या वर्षाला गेलीस की उन्हाळ्यातल्या एमटीटीएस नावाच्या गणिताच्या शिबिराला अर्ज कर. प्रा. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये ते सुरू केलं. चार आठवडे देशभरच्या कॉलेजांतली मुलं एकत्र राहतात; शिकवणारे सांगतात कमी आणि विचारतात जास्त. वर्गात एकटीने फळ्यावर उभं राहायचं आणि वर्ग सुटल्यावर मिळून डोकं खाजवायचं, हे दोन्ही तिथे होतं. तुझ्या मैत्रिणीलाही अर्ज भरायला लाव. तुझ्या आईला मी समजावेन, प्रवासाची काळजी करू नकोस.

तोवर माझ्याकडून हा एक प्रश्न. क्ष २ कडे जातो तेव्हा क्ष³ ची सीमा ८ आहे हे त्याच रीतीने सिद्ध करा. दोघींनी वेगवेगळं लिहा आणि दोन्ही कागद टपालाने पाठवा, फोटो नकोत. डेल्टा वेगळे आले तर बदलून एकसारखे करू नका. कुठून आले तेवढं प्रत्येकीने कडेला लिहा.

तुझी,
मावशी