पर्वतावरील तंबू

आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ हे शिखर सुमारे ४,८०० मीटर उंच आहे. इ. स. १८६१ च्या जुलै महिन्यात ओग्युस्त-रोझाली बिसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार २५ हमालांसह त्यावर चढला. आज खिशातील यंत्राने हे काम क्षणात होते. त्या वेळी काचेवर औषध लावून, ती ओली आहे तोच चित्र घ्यावे व धुवावे लागे. म्हणून शिखरावर काळोखा तंबू ठोकला, बर्फ वितळवून पाणी केले, आणि एवढ्या खटाटोपाने तीन काचा हाती आल्या.

पेत्रानेही डोंगरावर तीन मंडप उभारण्याची इच्छा धरली होती. प्रभूचे तेज पाहून तेथेच राहावेसे वाटले, यात त्याला कोण दोष देईल? उपासनेत अंतःकरण भरून आले म्हणजे आपणही उठावयास नाखूश असतो. परंतु बिसाँच्या काचा शिखरावरच राहिल्या असत्या, तर दरीतल्या लोकांनी काय पाहिले असते? प्रभू दुसऱ्या दिवशी शिष्यांस घेऊन खाली उतरला. तेथे गर्दीत एक बाप आपल्या पीडित मुलाला घेऊन उभा होता, आणि मागे राहिलेल्या शिष्यांच्याने त्याला बरे करवले नव्हते.