काशीनंतरचं प्रकाशा

तापी आणि गोमाई यांच्या संगमावरच्या प्रकाशाला खानदेशात दक्षिणकाशी म्हणतात. काशीयात्रा करून आलेल्याने इथे येऊन दर्शन घेतल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, अशी या भागातली श्रद्धा. केदारेश्वर आणि पुष्पदंतेश्वराच्या देवळांत त्यासाठी माणसं येतात. इतक्या लांबची गंगा पाहून झाली तरी घराजवळच्या नदीचं देणं उरतंच, हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

हल्ली शहादा-तळोद्याकडची मुलंही लॅपटॉपवर काम करत परदेशात हिंडतात. नवरा-बायको दोघंच, सामान थोडं, स्थळं उरकायची घाई नाही. एखाद्या गावात खोली घ्यायची, दोन-तीन महिने राहायचं, तिथल्या बाजारातून भाजी आणायची. युरोपातल्या शेंगेन देशांत 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, म्हणून मग पुढचा देश. या संथ प्रवासाबद्दल मला मनापासून आदर आहे. आठवड्यात पाच देश पालथे घालण्यापेक्षा एका गल्लीतला ऋतू बदलताना पाहणारा माणूस जगाशी अधिक नम्रपणे वागतो.

पण हीच मुलं गावी येतात ती दहा दिवसांसाठी. त्यात बँकेची कामं, दाताचा डॉक्टर, दोन लग्नं, कुलदैवत. अनोळखी गावाला तीन महिने देणारे आईवडिलांना मात्र पर्यटकाच्या लगबगीने भेटतात. त्या दहा दिवसांचीही वाटणी सरळ नसते. मुलाच्या घरी आठ आणि मुलीच्या माहेरी दोन, तेही जाता-येता. परदेशात स्वयंपाकापासून भाड्यापर्यंत सगळं निम्मं-निम्मं करणारं जोडपं इथल्या उंबऱ्यावर जुन्या रीतीला मुकाट्याने शरण जातं. तिचे वडीलही म्हातारे होत असतात, हे बोलायला त्या घाईत कुणाला फुरसत नसते.

आणि घरी राहिलेला भाऊ, वहिनी? पपईच्या बागेला पाणी, वडिलांच्या गोळ्या, आईला तपासणीसाठी नंदुरबारला नेणं हे सगळं ते सांभाळतात, म्हणून तर या दोघांना निर्धास्त हिंडता येतं. पाहुणे आले की त्यांच्यासाठी खापरावरचे मांडे करायला पुन्हा वहिनीच चुलीपुढे बसते.

संथ प्रवास आपल्याकडे नवा नाही; नर्मदेची पायी परिक्रमा हा तसाच प्रवास. सरदार सरोवराच्या पाण्याने नर्मदेचा जुना काठ बुडाला. त्यामुळे बरेच परिक्रमावासी आता वळसा घेऊन शहादा-प्रकाशामार्गे पुढे जातात. त्यांत जोडपीही असतात. परंपरेने ही परिक्रमा तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची. पण तिला नियम आहेत. वाटेवरच्या घरांतून सदावर्त मिळतं ते शिधा म्हणून, पीठ-डाळ घेऊन रांधायचं आपलं आपण. चातुर्मासात चालायचं नाही, एका जागी थांबायचं. आपण दुसऱ्याच्या कष्टावर चालतो आहोत, याचं भान त्या नियमांतून रोज जागं राहतं.

हा चातुर्मास या मुलांनी घरी का करू नये? काम लॅपटॉपवरच आहे, ते ओसरीवरही होईल. स्वतःच्या गावात राहायला व्हिसा लागत नाही. दोन महिने त्याच्या घरी, दोन तिच्या. घरी फार दिवस राहिलं की खटके उडतात, असं ते म्हणतील. ते खरंच आहे. मूल कधी होणार, घर कधी घेणार, हे प्रश्न सोसवत नाहीत. पण परक्या मुलखात शेजाऱ्यांचे चमत्कारिक रिवाज ही माणसं किती समजुतीने घेतात! त्यातली थोडी समजूत आईच्या प्रश्नांच्या वाट्याला आली, तर त्यामागची भीती तरी ऐकू येईल.

पहिले आठ दिवस आई पाहुणचार करील. पुढे तीही थकेल, तेव्हा चुलीशी बसायची पाळी मुलाची. भावाबरोबर दवाखान्याच्या रांगेत उभं राहिल्यावर वडिलांच्या आजाराचं नेमकं नाव कळेल. फोनवर तर ते कायम 'बरं आहे' एवढंच सांगत आलेले असतात.