हाकेला ओ न देणारा



कुत्रा आपण कशासाठी पाळतो? राखणीसाठी, असे बहुतेक जण सांगतील. रात्री पाऊल वाजले की त्याने भुंकावे आणि आपण हाक मारली की शेपूट हलवत यावे. मग जो जन्मतः बहिरा आहे, ज्याला कुणी रस्त्यावर सोडून दिले आहे, त्याला घरी का आणावे? प्रश्न कुत्र्याचा वाटतो, पण तो आपल्या प्रेमाचा आहे.

पांढऱ्या रंगाच्या, विशेषतः डाल्मेशियन जातीच्या कुत्र्यांत हे बहिरेपण अधिक आढळते. कातडीला रंग देणाऱ्या पेशी आतल्या कानातही लागतात. तिथे त्या नसल्या, तर जन्मानंतर काही आठवड्यांतच ऐकण्याची शक्ती जाते. अमेरिकेत तपासलेल्या डाल्मेशियनांपैकी सुमारे ३० टक्के एका किंवा दोन्ही कानांनी बहिरे निघाले. पूर्ण बहिरी पिल्ले संपवून टाकावीत, असा सल्लाही पूर्वी दिला जाई.

पण बहिरा कुत्रा मंद नसतो. ‘बस’, ‘ये’, ‘थांब’ हे सारे तो हाताच्या खुणांनी शिकतो. झोपेत एकदम हात लावला तर तो दचकतो, चावूही शकतो. म्हणून आधी नाकाजवळ हात धरायचा, मग हलकेच स्पर्श करायचा. मागून येणारी गाडी त्याला कळत नाही. म्हणून रस्त्यावर पट्टा सोडायचा नाही. म्हणजे सवयी आपण बदलायच्या. हाक मारून तो येणार नाही. उठून आपणच त्याच्याजवळ जायचे.

माणसे उपाशी असताना कुत्र्यावर खर्च का, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. ख्रिस्तसभेची धर्मशिकवण (१९९२) दोन्ही बाजू सांगते. प्राण्यांशी मायेने वागणे आपले कर्तव्य आहे (परिच्छेद २४१६). मात्र जो पैसा आधी दुःखी माणसांच्या कामी यायला हवा, तो त्यांच्यावर उधळणे शोभत नाही (२४१८). बहिऱ्या कुत्र्याला उंची काही लागत नाही. साधे अन्न, लस, पट्टा पुरतो. लागते ती आपली सवड, तीही दहा-बारा वर्षे. ती देता येणार नसेल, तर नुसती कीव आली म्हणून त्याला आणू नये. पुन्हा सोडून देणे हे न आणण्यापेक्षा वाईट.

आणि कमी ऐकू येणारे आजी-आजोबा आपल्या घरातही असतात. त्यांच्याशी आपण स्वयंपाकघरातून ओरडून बोलतो, की समोर जाऊन बसतो?