नामांतर आणि नवस : अत्यवस्थ मुलाच्या उशाशी श्रद्धेची भाषा

मूल अत्यवस्थ झाले की त्याला नवे नाव देण्याची प्रथा यहुदी परंपरेत आहे. ‘हाईम’ म्हणजे जीवन, ‘रफाएल’ म्हणजे देवाने बरे केले. मूळ नावाला असे एखादे नाव जोडले जाते. माणसाविरुद्धचा ईश्वरी निवाडा कशाने रद्द होतो हे सांगताना तालमुदातील ‘रोश हशाना’ या भागात दानधर्म, प्रार्थना आणि वर्तनातील पालट यांच्याच पंक्तीला नामांतरही बसवलेले आहे. ज्या नावावर निवाडा लिहिला गेला, त्या नावाचा माणूस आता उरलाच नाही, असा हा युक्तिवाद. मराठवाड्यातील वाचकाला त्याचे नवल वाटू नये. आधीची मुले दगावली असतील तर पुढच्याला धोंडू, दगडू, केरू, उकिरडा म्हणायचे. जे केरात टाकलेले आहे त्याकडे मृत्यू कशाला वळून पाहील? एक परंपरा मुलाला जीवनाचे नाव देऊन वाचवू पाहते, तर दुसरी त्याला कचऱ्यात लपवून. दोन्हींत आईबाप काळाला शब्दाने चकवू पाहतात.

अशा व्यवहाराला आपण सहसा ‘अंधश्रद्धा’ म्हणतो, किंवा सहानुभूती असेल तर ‘मानसिक आधार’. दोन्ही उत्तरांत प्रश्न टळतो. आईबापांची श्रद्धा त्यांना आधार देते की नाही, हा मानसशास्त्राचा विषय झाला. नैतिक प्रश्न वेगळा आहे: ती श्रद्धा मुलाचे काय करते?

अब्राहाम आणि इसहाक यांची कथा येथे हमखास उद्धृत होते. कीर्केगार्दने ‘भय आणि कंप’ (1843) या ग्रंथात तिच्यावर श्रद्धेची सारी मीमांसा उभी केली. कोकणातील बेने इस्रायल समाजात 1880 च्या सुमारास मराठी कीर्तने होऊ लागली, तेव्हा अब्राहामाचे चरित्र साकी-दिंडीत आले आणि ते ऐकणाऱ्यांना श्रियाळ-चांगुणेची आठवण झाली नसेल असे मानणे कठीण आहे. श्रीधराच्या ‘शिवलीलामृता’मुळे (1718) चिलया घरोघर पोचलेला होता. दोन्ही कथांत मूल शेवटी परत मिळते. पण दोन्हींत ते मोठ्यांच्या परीक्षेचे साहित्य असते. निष्ठेचे श्रेय बापाचे, मान मात्र मुलाची. मला या कथा आजारी मुलाच्या आईबापांना लागू करणे मुळातच चुकीचे वाटते. रुग्णशय्येशी बसलेल्या आईने मूल देऊ केलेले नसते. ते तिच्याकडून ओढून घेतले जात असते.

तिच्या अवस्थेशी नाते सांगणारी कथा दुसरीच आहे, आणि ती नेमकी एलियाची आहे. बेने इस्रायल घरांत एलियाहू हन्नाबीला नवस बोलतात. दुखणे बरे झाले की पोहे, खोबरे, साखर आणि फळे यांचा मलिदा करून नवस फेडतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. हा एलिया सारफथच्या विधवेकडे राहत असताना तिचा मुलगा मरतो. ती हात जोडत नाही. माझे पाप उकरून काढून माझा मुलगा मारायला आलास काय, असे ती त्या संदेष्ट्याच्या तोंडावर विचारते. आणि एलिया तिला समजावत बसत नाही. तिची तक्रार उचलून तो सरळ देवाकडे जातो आणि जिने मला आसरा दिला तिच्यावरही तू हे आणलेस काय, असे विचारतो. मूल जिवंत होते. पण येथे श्रद्धेला शरणागतीची भाषा नाही, भांडणाची आहे. ज्याच्याशी भांडता येते त्याच्यावरच विश्वास असतो, हे विठ्ठलाला शिव्या घालणाऱ्या जनाबाईच्या वाचकांना सांगावे लागू नये. गंगाखेड आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे.

विधवेच्या प्रश्नातील ‘पाप’ हा शब्द मात्र टोचत राहतो. दाविदाचे मूल सात दिवस तळमळून मरते ते बापाच्या पापापायी, असे संहिता स्वच्छ सांगते. आपल्याकडे तेच काम पूर्वसंचित करते. कारण सापडले की आईबापांच्या वेदनेला आकार येतो. पण त्या आकाराची किंमत मुलाच्या देहातून वसूल होते. हॅरॉल्ड कुशनर या अमेरिकन रब्बीने ही किंमत नाकारली. त्यांच्या आरोन या मुलाला अकाली वार्धक्य आणणारा प्रोजेरिया हा विकार होता. निदान तिसऱ्या वर्षी झाले, मृत्यू 1977 मध्ये, चौदा वर्षांचा होताच. 1981 च्या आपल्या पुस्तकात कुशनरांनी लिहिले ते धर्मगुरूला न शोभणारे होते: देव हे आजार पाठवत नाही, आणि ते थांबवणेही त्याच्या हाती नाही. ईश्वराचे सर्वशक्तिमत्त्व सोडून त्यांनी त्याचे चांगुलपण राखले. तत्त्वज्ञान म्हणून ही मांडणी कच्ची आहे, असे मला वाटते. सर्वशक्तिमत्त्व गेल्यावर प्रार्थना कोणाकडे, याचे त्यांचे उत्तर पुरेसे नाही. पण मुलाला दोषमुक्त करण्यासाठी एका बापाने देवालाच लहान केले, या कृतीपुढे तो कच्चेपणा मला क्षुल्लक वाटतो.

श्रद्धा आणि औषध यांचा झगडा मी मुद्दामच मध्ये आणलेला नाही. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडावाच, असे यहुदी धर्मशास्त्र सांगते. आणि आमच्या परळीचा देव तर नावानेच वैद्यनाथ. समुद्रमंथनातून निघालेला धन्वंतरी आणि अमृत या लिंगात लपवले गेले, अशी आख्यायिका आहे. तेथे पायऱ्यांवर एक्स-रेचे पाकीट आणि बेलाची पाने एकाच पिशवीत घेतलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांना त्यात विसंगती दिसत नव्हती. मलाही दिसली नाही.

विसंगती दिसते ती दुसरीकडे. नाव ठेवून मूल राखणारी हीच भाषा ‘नकुशी’ हे नावही ठेवते. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे 807 मुली होत्या, राज्यातील सर्वांत कमी. केरूला केरात टाकणे हा बहाणा होता. नकुशीच्या बाबतीत बहाणा काहीच नव्हता. तेव्हा लोकश्रद्धेतील ममतेविषयी लिहिताना, ती कोणाच्या उशाशी बसते आणि कोणाच्या बसत नाही, हे विचारल्याशिवाय आम्हा बीडकरांना पुढे जाता येणार नाही. नवसाच्या हिशेबात मुलीचे दुखणे किती वेळा येते?

काही वर्षांपूर्वी एका सरकारी रुग्णालयाच्या ओसरीत बसलो होतो. परिचारिकेने केसपेपरवरचे एक नाव दोनदा पुकारले, कुणी उठले नाही. तिसऱ्यांदा पुकारल्यावर समोरची म्हातारी एकदम भानावर आली आणि मांडीवरचे पोर सुनेकडे देत म्हणाली, “आपलंच की गं. ऊठ.” मग परिचारिकेकडे पाहून ओशाळल्यासारखी हसली. “आमी धोंड्याच म्हणतो. ते नाव कागदापुरतं हाय.”